जेरार्ड तुस्कानोचा कप्तान

जेरार्ड तुस्कानोला पूर्वजाची गरज पडली ती वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, आणि तीही एका इंग्रज राजाच्या संडासामुळे.

शारजातल्या हमरिया फ्री झोनमध्ये पाइपांचे एल्बो आणि फ्लँज बनवणारी एक कंपनी होती. तिथे जेरार्ड सव्वीस वर्षं डॉक्युमेंटेशन बघत होता. कुठला माल कुठे बनला याचं ओरिजिन सर्टिफिकेट त्याच्या टेबलावरून गेल्याशिवाय एकही कंटेनर बंदराकडे हलत नसे. दुसऱ्यांच्या मुळाची काळजी करण्यात इतकी वर्षं गेली, पण स्वतःच्या मुळाबद्दल त्याने कधी कागद मागितला नव्हता. मग एका मंगळवारी जनरल मॅनेजर विदरबी साहेबांनी जेवणाच्या सुट्टीत सगळ्या स्टाफला कॉन्फरन्स रूममध्ये बोलावलं आणि टेबलावर आठ फूट लांबीची गुंडाळी उलगडली.

ती साहेबांची वंशावळ होती. रिटायर होऊन मायदेशी जायच्या आधी त्यांनी ती कोणाकडून तरी शोधून घेतली होती. सगळ्यात वर, ट्यूडर राजांच्या काळात, एक जॉन विदरबी. हा आठव्या हेन्रीच्या खासगी दालनात नोकरीला होता. काम काय, असं अकाउंट्सच्या सतीशने भाबडेपणाने विचारलं. साहेबांनी सांगितलं की राजाच्या शौचाची व्यवस्था बघायला एक बडा सरदार नेमलेला असे, आणि जॉन विदरबी त्या सरदाराच्या हाताखाली टॉवेल धरून उभा राही. “अ पोझिशन ऑफ ग्रेट ट्रस्ट,” साहेब म्हणाले. मग त्यांनी जॉनच्या नावावरून हलकेच बोट फिरवलं. सतीशने मान खाली घालून सँडविच खाल्लं.

त्या संध्याकाळी दुबईला, करामातल्या घरी परत येताना जेरार्डच्या डोक्यातून तो टॉवेल काही जाईना. गाडी याकूबची होती. याकूब सेल्समध्ये, मूळचा राजापूरकडचा, आणि दोघं गेली नऊ वर्षं एकाच गाडीने जात-येत. ज्याच्या घराण्याने राजाला पुसायला मदत केली तो माणूस ते फ्रेम करून लावतो, आणि आपल्याकडे एवढा मोठा वारसा असून आपण गप्प, असं जेरार्डने बोलून दाखवलं.

“तुझा काय वारसा?” याकूबने विचारलं.

“आमचा मूळपुरुष कप्तान होता. पोर्तुगीज.”

“आमचे बसऱ्याहून आले,” याकूब म्हणाला. “शेजारचे येमेनहून. कोकणात कोणाचाच पूर्वज कोकणातला नसतो, जेरार्डभाय. त्या काळी तिथे नुसती झाडंच होती वाटतं.”

जेरार्डला ते आवडलं नाही, कारण त्याच्याकडे पुरावा होता. वसईजवळच्या चिंचपाखाडी या त्याच्या गावात प्रत्येक घराला एक नाव चिकटलेलं असतं, आडनावाहून वेगळं. तुस्कानोंच्या घराचं नाव होतं ‘टोपीकर’. आणि जुन्या मराठीत टोपीकर म्हणजे गोरा फिरंगी, हे तर शाळेच्या पुस्तकातही होतं. म्हणजे तुस्कानो हे बाटलेले नव्हतेच, ते बाटवायला आलेल्यांपैकी होते. कप्तान हा हुद्दा जेरार्डने स्वतःच लावला होता, कारण एवढ्या लांब आलेला माणूस साधा शिपाई असेल असं त्याला वाटत नव्हतं. शिवाय त्याच्या वडिलांचे डोळे घारे होते. त्याची बायको सुझी म्हणे की तो मोतीबिंदू होता.

खरं तर विदरबी साहेबांचा टॉवेल हे निमित्त. जेरार्डच्या पोटात जे बारा वर्षं जळत होतं त्याचं नाव व्हर्नन लोपीस.

व्हर्नन त्याच गावचा, बर दुबईतल्या एका हॉटेलात बँक्वेट मॅनेजर, आणि दुबईतल्या चिंचपाखाडी ग्रामस्थ मंडळाचा कायमचा अध्यक्ष. बारा वर्षांपूर्वी त्याने मंडळाची स्मरणिका काढली. तिच्यात गावातल्या घराण्यांची माहिती होती. लोपीस घराण्याला अडीच पानं मिळाली: मूळचे सामवेदी ब्राह्मण, ज्ञानी, दानशूर, वगैरे. तुस्कानोंचं नाव शेवटच्या पानावर जाहिरातींच्या वर, ‘इतर’ या मथळ्याखाली होतं. जेरार्डने तेव्हापासून व्हर्ननशी बोलणं टाकलं. चर्चमध्ये आजूबाजूच्यांशी हात मिळवून शांती देण्याची वेळ आली की तो मुद्दाम मागच्या बाकाकडे वळे. सुट्टीला जाताना दोघं एकाच विमानात सापडले तर जेरार्ड तीन तास सुरक्षेच्या सूचनांचं कार्ड वाचे.

तेव्हा मंडळाचं नोव्हेंबरमधलं वार्षिक स्नेहसंमेलन जाहीर झाल्याबरोबर जेरार्डने व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहून टाकलं की आपण ‘तुस्कानो घराण्याची पाचशे वर्षं’ या विषयावर स्लाइड शो करणार आहोत. बावीस जणांनी टाळ्या पाठवल्या. व्हर्ननने नुसता अंगठा पाठवला. त्या अंगठ्याने जेरार्डचं डोकं फिरलं, आणि त्याच भरात त्याने इंटरनेटवरून तुस्कानोंचं राजचिन्ह मागवलं: एक सिंह, तीन बुरूज आणि खाली लॅटिनमध्ये काहीतरी. फ्रेमसकट साडेतीनशे दिरॅम झाले. म्हणजे आपले आठ हजाराच्या वर, असं सुझीने मोठ्याने म्हणून दाखवलं आणि ते वॉशिंग मशीनच्या समोरच्या भिंतीवर लावायची परवानगी दिली.

पण चिन्हाच्या खाली माणूस हवा. नाव हवं, साल हवं. तेव्हा सुझीनेच सुचवलं की अलिशाला विचार. अलिशा ही सुझीच्या मामेबहिणीची मुलगी, लिस्बनमध्ये जुन्या कागदपत्रांवर पीएचडी करत होती. तिने आधीच सांगून ठेवलं की त्या काळातली वसईची बाप्तिस्म्याची दप्तरं बहुतेक नाहीशी झाली आहेत. पण तिकडचे पाद्री आपल्या वरिष्ठांना पत्रं लिहीत आणि त्यांत सगळ्या गावाच्या चहाड्या असत. ती बघते म्हणाली. जेरार्डने तिला ‘कॅप्टन’ हा शब्द अधोरेखित करून पाठवला. विदरबी साहेबांनाही संमेलनाचं निमंत्रण देऊन ठेवलं.

संमेलन शनिवारी दुपारी होतं. त्याच्या आधीच्या बुधवारी अलिशाचा व्हिडिओ कॉल आला. जेरार्डने घाईघाईने शर्ट बदलला. पूर्वजाला बनियनवर भेटणं त्याला बरं दिसलं नाही. सुझी भाजी निवडत शेजारी बसली, आणि त्यांची मुलगी जेनिस, जी बारावीला होती आणि मराठीत विचारलेल्या कुठल्याही प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देत असे, ती मागे सोफ्यावर पडली होती.

“अंकल, सापडला,” अलिशा म्हणाली. “पण आधी पाणी प्या.”

पत्र १५६६ सालचं होतं. म्हणजे तिकडे इंग्लंडात ट्यूडर घराण्याची शेवटची राणी गादीवर होती, हे जेरार्डने लगेच लिहून घेतलं. साहेबांना सांगायला बरं. ते लिहिणारा पाद्री वसईच्या एका चर्चचा होता आणि तो चिंचपाखाडीच्या एका इसमाची तक्रार करत होता. इसमाचं नाव गोमू. पानमळ्यात रहाटाला जुंपलेला रेडा हाकायचा, हा त्याचा धंदा. त्या काळी नव्याने ख्रिस्ती होणाऱ्याला चर्चकडून अंगभर नवं कापड, एक जेवण आणि एक लाल टोपी मिळे. गोमूने १५६४ साली बाप्तिस्मा घेतला. त्याचा धर्मबाप, म्हणजे बाप्तिस्म्याला साक्षी राहून आपलं आडनाव देणारा, होता तुस्कानो नावाचा किल्ल्यावरचा कारकून, म्हणून गोमूचा झाला दोमिंगो तुस्कानो.

“कारकून,” जेरार्ड कसाबसा म्हणाला. “कप्तान कोण मग?”

“कप्तान नाहीच आहे, अंकल. पुढे ऐका.”

पुढे असं झालं की आठ महिन्यांनी दोमिंगो तुस्कानो तीन कोस चालत दुसऱ्या चर्चला गेला. तिथे त्याला कोणी ओळखत नव्हतं. तिथे मोठ्या सणाला सामुदायिक बाप्तिस्मा होता. तो रांगेत उभा राहिला, पुन्हा पाणी घेतलं, पुन्हा कापड, पुन्हा जेवण, पुन्हा टोपी. ह्या खेपेचा धर्मबाप होता लोपीस नावाचा शिपाई. थोरला मुलगा पहिल्या चर्चच्या यादीत तुस्कानो म्हणून लागला होता, त्यानंतर झालेला धाकटा दुसऱ्या चर्चच्या यादीत लोपीस म्हणून लागला. काही वर्षांनंतरच्या जमिनीच्या यादीत दोघे भाऊ शेजारी-शेजारी होते, एकाच पानमळ्यात.

मग तो तितकंच चालत तिसऱ्या चर्चला गेला. तिथे कोरिया नावाचा एक व्यापारी त्याचा धर्मबाप व्हायला तयार उभा होता. पण तिथल्या पाद्रीने, म्हणजे हे पत्र लिहिणाऱ्यानेच, प्रार्थनेची पहिली ओळ म्हणायला सुरुवात केली आणि ह्या नवख्या माणसाने पुढच्या सगळ्या ओळी न अडखळता लॅटिनमध्ये म्हणून टाकल्या. विश्वासांगीकार ही लांबलचक प्रार्थना त्याने पाद्रीच्या आधी संपवली. तिथेच तो पकडला गेला. पाद्रीने लिहिलं होतं की माझ्या सगळ्या चर्चमध्ये ह्या भामट्याइतकं पाठांतर कोणाचं नाही. गावकरी आपापसात त्याला टोपीवरून काहीतरी म्हणतात, असंही त्याने लिहिलं होतं.

सुझीचं माहेर कोरियांचं होतं. “थोडक्यात वाचलो आम्ही,” ती म्हणाली, आणि हातातली मेथी खाली ठेवून पदर नसल्यामुळे टी-शर्टच्या बाहीने डोळे पुसायला लागली. तिला हसू आवरत नव्हतं. चारशे साठ वर्षं गाव ज्यांना टोपीकर म्हणत आलं ते टोपी घालून आले म्हणून नव्हे, टोपी घालून गेले म्हणून, असं ती म्हणाली.

“डॅड, ही इज सो मच बेटर दॅन अ कॅप्टन,” जेनिस सोफ्यावरून म्हणाली.

जेरार्डने अलिशाला विचारलं की दुसरं कोणी नाही का. अलिशा म्हणाली की तीन महिने शोधलं, हा पाद्री आणि ती जमिनीची यादी सोडली तर चिंचपाखाडीबद्दल त्या शतकात दुसऱ्या कोणी एक ओळसुद्धा लिहिलेली नाही. एक पुढचं पत्रही आहे, ते वाचून दाखवते. पण जेरार्डने फोन ठेवला.

दोन दिवस तो मनात एकच यादी करत राहिला. पोर्तुगीज नाही, कप्तान नाही, ब्राह्मणही नाही. रेडे हाकणारा, आणि तोही चोर. वॉशिंग मशीनसमोरून जाताना तो सिंहाकडे बघत नसे. गाडीत याकूबने कप्तान काय म्हणतो असं विचारलं तेव्हा त्याने काम चालू आहे म्हणून सांगितलं. ज्याचा पूर्वज बसऱ्याहून जहाजाने आला त्याच्यापुढे रेड्याचा विषय कसा काढायचा, हे त्याला समजत नव्हतं.

शुक्रवारी अर्धा दिवस भरून परत येताना शारजाच्या ट्रॅफिकमध्ये गाडी चाळीस मिनिटं जागची हलली नाही, आणि त्या चाळीस मिनिटांत जेरार्डला एकदम उजाडलं. पत्रात दोन बाप्तिस्मे होते. दुसरा लोपीसांचा होता. पहिला त्याला सांगायची काय गरज होती? तुस्कानो हे नाव काढून टाकलं तर उरतं ते एवढंच, की लोपीस घराण्याचा मूळपुरुष हा एका टोपीसाठी खोटं बोलून बाटलेला रेडेवाला. अडीच पानांचे सामवेदी ब्राह्मण. जेरार्ड स्वतःशीच हसला. याकूबने त्याच्याकडे बघितलं आणि एसी वाढवला.

घरी येऊन त्याने स्लाइड्स नव्याने केल्या. पत्राच्या फोटोतला वरचा भाग कापला आणि ‘लोपीस’ शब्दापासून खाली ठेवला. सुझीने चहा देताना ते बघितलं. कोणाचा पूर्वज कापतोयस, असं तिने विचारलं. जेरार्ड म्हणाला, जागा पुरत नव्हती. तिने अलिशाने पाठवलेला मूळ फोटो आपल्या फोनवर घेतला, आणि बावीस वर्षांच्या संसारात तिचं असं काही जपून ठेवणं कधीच शुभ ठरलं नव्हतं.

शनिवारी करामातल्या एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये नव्वदेक माणसं जमली. एकीकडे फुगे, म्हणजे गावाकडचे तळलेले पाव, आणि इंदियाल या आंबट-तिखट रश्श्याचा वास सुटला होता. विदरबी साहेब टाय लावून आले आणि त्यांना पंख्याखाली बसवण्यात आलं. व्हर्ननने अध्यक्षीय भाषण केलं, त्यात तीनदा ‘परंपरा’ म्हणाला आणि मग जेरार्डकडे न बघता म्हणाला की आता एक सभासद आपल्या कुटुंबाबद्दल बोलतील.

जेरार्डने माइक घेतला. आपण तुस्कानोंबद्दल बोलणार होतो, तो म्हणाला, पण संशोधनात गावच्या एका मोठ्या घराण्याचा दुर्मिळ कागद हाती लागला, तो मंडळापुढे ठेवणं आपलं कर्तव्य आहे. मग त्याने अर्धं पत्र पडद्यावर टाकलं आणि गोमूची गोष्ट सांगितली. रेडा सांगितला, रहाट सांगितला. पहिला बाप्तिस्मा धर्मबापाचं नाव न घेता एका वाक्यात उरकला, मग तीन कोस चालणं आणि लाल टोपी सांगितली. तिसऱ्या चर्चमधल्या प्रार्थनेपर्यंत पोचल्यावर त्याने आवाज हळू केला, आणि शेवटी म्हणाला, “तर मंडळी, हे आपल्या लोपीस घराण्याचे मूळपुरुष.”

सगळ्या माना व्हर्ननकडे वळल्या. व्हर्ननचे कान लाल झाले होते. जेरार्डला बारा वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

मग कोपऱ्यातल्या टेबलावर कोणीतरी फिसकन हसलं. ते हसू पसरत गेलं. सगळ्यांनी लॅटिन प्रार्थनेचा भाग पुन्हा सांगायला लावला. जेरार्डने पुन्हा सांगितला, आणि टाळ्या वाजल्या. त्या टाळ्या व्हर्ननच्या दिशेने वाजताहेत हे लक्षात यायला जेरार्डला जरा वेळ लागला. कोणी व्हर्ननच्या पाठीवर थाप मारत होतं, तर कोणी त्याला टोपी कुठे म्हणून विचारत होतं.

व्हर्ननने पंचवीस वर्षं बँक्वेट सांभाळली होती. हॉलची हवा कुठे वाहते हे त्याला नाकाने कळे. तो उठला, कोटाचं बटण लावलं आणि माइकसाठी हात पुढे केला.

“सगळी वसई ज्यांच्यापुढे माना खाली घालून उभी होती,” तो म्हणाला, “त्यांना आमच्या माणसाने एकट्याने गंडवलं. तलवार नाही, तोफ नाही. नुसतं पाठांतर. मी त्या माणसाचा वंशज आहे याचा मला अभिमान आहे.”

लोकांनी टेबलं बडवली. सामवेद एका मिनिटात खलास झाला. अडीच पानं कोणाला आठवलीसुद्धा नाहीत, सगळ्यात कमी व्हर्ननला. त्याने तिथल्या तिथे जाहीर केलं की पुढच्या वर्षीचं संमेलन गोमू लोपीस यांच्या स्मृतीला अर्पण होईल. विदरबी साहेबांना शेजारी बसलेल्या कोणीतरी सगळं इंग्रजीत सांगितलं होतं. ते पंख्याखालून उठले, लोकांमधून वाट काढत गेले आणि व्हर्ननचा हात दोन्ही हातांत धरला. “रिमार्केबल मॅन,” ते म्हणाले. “यू मस्ट बी व्हेरी प्राउड.”

सव्वीस वर्षांत साहेबांनी जेरार्डचा हात असा कधी धरला नव्हता. तो पुढे झाला आणि त्याने व्हर्ननच्या हातातून माइक जवळजवळ ओढून घेतला.

“तो आधी आमचा होता,” तो म्हणाला. “पहिला बाप्तिस्मा तुस्कानोंचा आहे. लोपीस नंतर.”

लोकांना वाटलं गंमत करतोय. मग वाटलं जळतोय. मागून कोणी म्हणालं, जाऊ दे रे जेरार्ड, प्रत्येकाला पूर्वज मिळतोच असं नाही. जेरार्डने पत्रात लिहिलंय म्हणून सांगितलं. व्हर्ननने अगदी सौम्यपणे पडद्याकडे बोट दाखवलं आणि कुठे, असं विचारलं. पडद्यावर पत्र ‘लोपीस’पासून सुरू होत होतं.

जेरार्डने सुझीकडे बघितलं. पूर्ण पत्र आता फक्त तिच्या फोनमध्ये होतं. ती फुगा इंदियालमध्ये बुडवून खात होती. तो टेबलापर्यंत चालत गेला आणि सगळ्यांसमोर, माइक हातात तसाच असताना, म्हणाला की सुझी, मी वरचा भाग कापला. हे नव्वद माणसांनी ऐकलं. सुझीने बोटं पुसली, मग फोन प्रोजेक्टरला जोडून अलिशाला कॉल लावला.

लिस्बनमध्ये सकाळचे दहा वाजले होते आणि अलिशा झोपेतून उठली होती. तिचे विस्कटलेले केस अख्ख्या पडद्यावर आले. तिने जांभई देत पूर्ण पत्र वाचलं: आधी तुस्कानो, मग लोपीस, मग कोरिया जवळजवळ. हॉलमधला गलका हळूहळू थांबला. थोरला मुलगा तुस्कानो, धाकटा लोपीस, हेही तिने सांगितलं. म्हणजे वडीलकी आपली, असं जेरार्ड म्हणाला. व्हर्नन म्हणाला की असेल, पण पहिली टोपी कोणालाही मिळते, दुसरी मिळवायला अक्कल लागते.

“अंकल, तुम्ही बुधवारी फोन ठेवलात,” अलिशा म्हणाली. “दुसरं पत्र राहिलं.”

दुसरं पत्र दोन वर्षांनंतरचं होतं. पाद्रीने गोमूला फटके मारायचं ठरवलं होतं, पण मग विचार केला की इतकं पाठ असलेला माणूस वाया का घालवायचा. त्याने त्याला गावोगाव पाठवून नव्या लोकांना प्रार्थना शिकवायच्या कामावर लावलं. गोमूने चारशेच्या वर माणसं तयार केली. आता पाद्रीची नवी तक्रार अशी होती की चिंचपाखाडीकडून बाप्तिस्म्याला येणाऱ्यांची संख्या एकाएकी फार वाढली आहे, सगळे न अडखळता प्रार्थना म्हणतात, आणि टोप्या संपल्या आहेत.

ह्यावर जे हसू फुटलं ते बराच वेळ थांबलं नाही. नव्वद माणसं एकमेकांकडे बघत होती, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर आपल्या घराचा हिशोब चाललेला दिसत होता. विदरबी साहेबांनी परत येऊन जेरार्डचाही हात धरला. आपल्या जॉनने राजाला फसवल्याची कुठे नोंद नाही, असं ते जरा खट्टू होऊन म्हणाले.

चार वाजता हॉल रिकामा झाला. जेरार्ड प्रोजेक्टर याकूबकडून मागून आणलेल्या गाडीच्या डिकीत ठेवत होता. ऊन अजून होतं. व्हर्नन वायरींचं भेंडोळं घेऊन मागून आला.

“मला एकट्यालाच बुडवणार होतास ना?” व्हर्ननने विचारलं.

“हो.”

“मग?”

“साहेबाने तुझा हात धरला,” जेरार्ड म्हणाला. “ते नाही बघवलं.”

व्हर्ननने वायर आत ठेवली. मीही हेच केलं असतं, असं तो म्हणाला. मग म्हणाला की स्मरणिकेतलं ते ‘इतर’ टायपिस्टने घातलं नव्हतं. जेरार्ड म्हणाला, माहीत आहे. व्हर्ननने खिशातून फोन काढला. त्याची आई मार्सेलीन गावी एकटी असते, चौऱ्याऐंशी वर्षांची, तिला हे तू सांग, तुझ्या तोंडून रंगतं, असं म्हणून त्याने नंबर लावून फोन जेरार्डच्या हातात दिला.

जेरार्डने तिला लहानपणापासून मावशी म्हटलं होतं, पण बारा वर्षांत तिच्याशीही बोलणं झालं नव्हतं. त्याने आधी तब्येत विचारली. मग सगळं पहिल्यापासून सांगितलं, गावच्या बोलीत, काही न कापता.

“तिसऱ्या खेपेला पकडला, ते जेवायच्या आधी की नंतर?” तिने विचारलं.

जेरार्डने व्हर्ननकडे बघितलं. हे अलिशाला विचारायचं राहिलंच होतं. विचारून कळवतो मावशी, असं तो म्हणाला. म्हातारीने बजावलं की नक्की विचार, तीन कोस चालून गेलेला माणूस उपाशी परत आला असेल तर ते बरं नाही. आणि मग तिने विचारलं की डिसेंबरात दोघं कुठल्या विमानाने येताय.